पुढच्या वर्षी येणारी गाडी

२७ एप्रिल २०२०, बेस्ट (नेदरलँड्स)

मला काम मिळालं. पुन्हा लिहिते, कारण लिहायलाच मजा येते आहे: मला काम मिळालं.

आज राजाचा वाढदिवस. दरवर्षी अख्खं गाव नारिंगी कपडे घालून रस्त्यावर जुनी भांडी विकायला बसतं. यंदा सगळे आपापल्या खिडकीत. धम्मपालला सुट्टी असूनही तो वर पुण्याच्या टीमशी बोलतोय, लेक यशू टॅबमध्ये डोकं घालून बसली आहे, आणि मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच लिहिते आहे. बसवतच नाहीये.

टिलबर्गच्या बाहेर एका बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीत अमेरिकन गाड्यांचं छोटं खाजगी म्युझियम आहे. हेनी नावाच्या बाई ते चालवतात. वय बहात्तर. नवरा गेला तेव्हा गाड्या आणि गिरणीचं गळकं छप्पर, दोन्ही त्यांच्या गळ्यात पडलं. त्यांना नोव्हेंबरात कॉर्व्हेटवर प्रदर्शन करायचंय, पण खऱ्या गाड्या अमेरिकेत आणि विमानं जमिनीवर. म्हणून त्यांनी नेटवर विचारलं होतं, कुणाला मॉडेल्स करता येतात का. मी जुन्या कामाचे फोटो पाठवले. आज व्हिडिओवर बोललो. म्हणाल्या, "हात दाखवा." मी कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात धरले. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, "नखं कापलेली आहेत. ठीक." संपली मुलाखत.

कॉर्व्हेट म्हणजे अमेरिकेची लाडकी पोर. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात पहिल्यांदा लोकांसमोर आली: पांढरी, आतून लाल, अंग पत्र्याचं नाही तर फायबरग्लासचं. इंजिन पुढे, बॉनेटखाली. पण त्यांच्याच एका इंजिनिअरने हट्ट धरला की खरी स्पोर्ट्स कार करायची तर इंजिन सीटच्या मागे पाहिजे. १९६० पासून दर काही वर्षांनी तशी एक नमुन्याची गाडी बनायची, प्रदर्शनात फिरायची, मासिकं छापायची 'पुढच्या वर्षीची कॉर्व्हेट', आणि पुढच्या वर्षी यायची तीच जुनी, पुढे इंजिनवाली. तो इंजिनिअर वाट बघून १९९६ मध्ये वारला. यंदा फेब्रुवारीत ती मागे इंजिनवाली गाडी खरोखर कारखान्यातून बाहेर पडायला लागली, आणि महिन्याभरात कोरोनाने कारखान्यालाच कुलूप. हातातोंडाशी आलेला घास.

त्या न झालेल्यांतल्या चार आणि यंदाची एक, अशा मांडीवर मावणाऱ्या पाच गाड्या मी करणार. मातीच्या.

लोकांना खरं वाटत नाही, पण गाडी आधी मातीचीच होते, मग लोखंडाची. पिंपरीच्या स्टुडिओत मी आठ वर्षं तेच केलं. २०१४ मध्ये धम्मपालला इथलं पोस्टिंग मिळालं, तो म्हणाला "चल", आणि मी आले. व्हिसावर माझं नाव होतं 'डिपेंडंट'. तेव्हापासून यशूचे डबे, डच भाषेचे क्लास, आणि सायकलवरून आल्बर्ट हाइन हे सुपरमार्केट.

धम्मपाल खाली आल्यावर त्याला सांगितलं. तो इतका हसला की त्याचा मास्क, जो तो घरातही गळ्यात अडकवून फिरतो, हनुवटीवरून निसटला. मग विचारलं, "ओपनिंग कधी?"

"नोव्हेंबरच्या मध्यावर."

"मग बरंय. माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत आहे."

ते दरवर्षीच वाढतं. त्यात काय एवढं सांगायचं.

१४ मे

माती आली, पण निम्मीच. उरलेली 'परिस्थिती निवळल्यावर'. परिस्थितीने काय काय निवळायचं कोण जाणे.

निम्म्या मातीत पाच पूर्ण गाड्या होणार नाहीत, पण अर्ध्या होतील. स्टुडिओत आम्ही हे करायचो: गाडी मधोमध उभी कापली तर दोन्ही बाजू सारख्याच, मग एकच बाजू करायची आणि तिला मोठा आरसा लावायचा. समोरून बघणाऱ्याला अख्खी गाडी दिसते. हेनींना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "स्लिम." डचमध्ये म्हणजे हुशार. यशूच्या जन्मापासून मला कुणीही स्लिम म्हटलेलं नाही, कुठल्याच अर्थाने.

ही माती म्हणजे मेण घातलेली, कधीच न वाळणारी. कांड्या ओव्हनमध्ये गरम करायच्या, मऊ झाल्या की लाकूड आणि फोमच्या सांगाड्यावर अंगठ्याने दाबत जायचं. दिसायला थेट चॉकलेट. यशूने दुपारी एक कांडी चावली, थुंकली आणि डचमध्ये काहीतरी म्हणाली जे शाळेत शिकवत नसावेत.

२ जून

१९६० ची अर्धी गाडी झाली. ही एकाच माणसाची, चाकं उघडी, ड्रायव्हर मधोमध, इंजिन पाठीशी. अर्ध्या सीटवर मी चामड्याची अर्धी घडीही कोरली. पत्र्याच्या पट्टीने शेवटचा हात फिरवला तेव्हा मातीची लांब सालं निघाली आणि खालचा पृष्ठभाग चकाकला. मला एकदम रडूच आलं. आनंदानेच. सहा वर्षं हे हात फक्त कणीक मळत होते आणि त्यांना सगळं आठवत होतं.

बागेतल्या आमच्या शेडमध्ये यशूच्या कपाटाचा आरसा आणून टेकवला. अख्खी गाडी उभी राहिली. धम्मपाल किती वेळ दारात उभा होता मला कळलंच नाही. म्हणाला, "तू जीभ बाहेर काढून काम करतेस. पिंपरीतही असंच करायचीस का?"

"त्याशिवाय रेघ सरळ येत नाही."

"मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. बारा वर्षांच्या संसारात त्याने माझं काम पहिल्यांदाच पाहिलं.

१३ ऑगस्ट

असला उन्हाळा हॉलंडात पडतो हे कुणी सांगितलं असतं तर मी पंखे घेऊन आले असते. शेडमध्ये पस्तीसच्या वर पारा, आणि १९६८ च्या गाडीचं नाक सुटलं. सुंदर, खाली झुकलेलं, टोकदार नाक. सकाळी पाहते तर वृद्ध हत्तीचं. मी डोकं धरून बसले. धम्मपालने कॅमेरा बंद करून मीटिंग चालूच ठेवली, आणि हेडफोन लावून ओल्या चादरी पिळून शेडच्या खिडक्यांवर टांगल्या. मध्येच तो कुणाला तरी म्हणाला, "येस, आय अग्री," आणि मला खुणेने विचारलं, बादली कुठाय.

नाक पुन्हा केलं. पहिल्यापेक्षा बरं झालं.

११ ऑक्टोबर

धम्मपाल हल्ली फोन आला की बागेत जातो. आज पाऊस होता तरी गेला, छत्री घेऊन. आत आल्यावर विचारलं कोणाचा, तर "संजीव सर." हे त्याचे पुण्यातले साहेब.

"एवढं काय बोलणं?"

"काही नाही, रूटीन. मैत्री, चौदा नोव्हेंबर नक्की ना?"

दहाव्यांदा विचारतोय. याला तारखांचीच पडलेली. १९७३ च्या गाडीचे वर उघडणारे दरवाजे कसे जमवले ते बघायला ये म्हटलं तर आला, पाहिलं, "भारी" म्हणाला, आणि पुन्हा "म्हणजे चौदाला नक्की?" मी म्हटलं, अरे बाबा, तुझ्या ऑफिसला पास पाठवायचेत का?

३ नोव्हेंबर

इथल्या पंतप्रधानांनी आज सांगितलं: उद्या रात्रीपासून म्युझियमं बंद. सध्या दोन आठवडे. म्हणजे चौदा तारीख गेली.

हेनींचा फोन आला. मी सांत्वन करायच्या तयारीत होते, त्याच मला म्हणाल्या, "ही गाडी साठ वर्षं पुढच्या वर्षी येणार होती. आपण जानेवारीत येऊ." मला हसूच फुटलं. खरंच की. आमचं प्रदर्शनसुद्धा आता पुढच्या वर्षीचं.

धम्मपाल हसला नाही. विचारलं, "जानेवारीत कधी?"

"सोळा."

"ओके. मग मी सांगतो त्यांना."

"कुणाला?"

"ऑफिसात. त्या आठवड्यात सुट्टी टाकावी लागेल ना."

दोन महिने आधी सुट्टी टाकणारा हा एकटाच असेल. पण खरं सांगू, मला बरं वाटलं. त्याला यायचंय.

१५ डिसेंबर

काल पुन्हा भाषण, आणि यावेळी सगळंच बंद: दुकानं, शाळा, आम्ही. सोळा जानेवारीसुद्धा गेली. हेनी म्हणाल्या, इस्टरनंतर बघू. मी १९८६ ची गाडी उघडी टाकून दिवसभर झोपून राहिले. संध्याकाळी उठले आणि तिचं मागचं बंपर खरवडून टाकलं, कारण ते मला आवडत नव्हतं. वेळ आहेच तर नीट करू.

सासूबाईंचा चिंचवडहून फोन. राधाबाई म्हणजे पहिलं वाक्य नेहमी तक्रारीचं. आज नव्हतं. म्हणाल्या, "जय भीम गं. वरची खोली रंगवून घेतली. फिक्कट निळा. यशूला चालेल ना?" मी म्हटलं, आई, विमानं सुरू झाली की येऊच सुट्टीला. त्या म्हणाल्या, "धम्मपालला दे." या वयात, कोरोनाच्या दिवसांत घर रंगवून घेतलं त्यांनी. कमाल आहे.

आणि यशूने जेवताना विचारलं की पुण्यातल्या शाळांत स्विमिंग पूल असतो का. मी म्हटलं तुला काय करायचंय? ती बाबाकडे बघायला लागली. बाबा भातात बघत होता. भात जरा गिचकाच झाला होता.

१२ जानेवारी २०२१

छान बातमी. धम्मपालचा क्लायंट बदलला. आता टिलबर्गलाच, एका मोठ्या गोदामाचं काम. पार्सलं पट्ट्यांवरून कुठे वळायची ते सांगणारं सॉफ्टवेअर. लॅपटॉपही नवा मिळाला. कायमचं राहण्याचं कार्ड आहे म्हणून किती सोपं झालं म्हणे. मी विचारलं, क्लायंट बदलायला कार्डाचा काय संबंध? तर म्हणाला, "असतं काहीतरी एचआरचं."

पूर्वी हाच म्हणायचा की गोदामाची कामं म्हणजे शिक्षा, मी त्यासाठी एमटेक नाही केलं. माणूस बदलतो. आणि योगायोग कसला: म्युझियम त्याच्या रस्त्यावरच. दर मंगळवारी मी काम घेऊन हेनींकडे जाते, तेव्हा मला सोडणार आणि आणणार. माझं पुण्याचं लायसन्स इथे चालत नाही, नवं काढायचं राहूनच गेलं, आणि मातीची गाडी मांडीवर घेऊन बसने कोण जाईल?

९ फेब्रुवारी

बर्फ. परवापासून सगळं पांढरं. कालवे गोठले, लोक पात्यांचे बूट बांधून घसरताहेत, आणि आमची गाडी टिलबर्गच्या रस्त्यावर ताशी वीसने. धम्मपाल पहाटे निघून गोदामात जातो, पट्टी बंद पडली की स्वतः वाकून बघतो. आज त्याचे हात काळे होते. मी म्हटलं, बघ, आता तुझेही हात माझ्यासारखे. तो म्हणाला, "तुझं चांगलं चाललंय ना?"

"माझं? माझं इतकं चांगलं चाललंय की भीती वाटते."

"बस मग," म्हणाला, आणि वायपर लावला.

२०२० ची अर्धी गाडी पूर्ण झाली. आता सगळ्यांची उरलेली आतली कामं: सीट, डॅशबोर्ड, स्टिअरिंग. बारीक काम आहे, नखाएवढं.

१८ मे

आज माझी अब्रू गेली आणि त्यातून काहीतरी भलतंच चांगलं निघालं. क्रमाने लिहिते.

अजून म्युझियमं बंदच आहेत, पण हेनी म्हणाल्या की मांडून तर ठेवू. पाच मोठे आरसे आले. मदतीला धम्मपालने अर्धा दिवस घेतला, यशूला शाळेनंतर आणलं. एकेक अर्धी गाडी आरशाला टेकवली. १९६० ची फारच देखणी: ड्रायव्हर मधोमध असल्यामुळे अर्धं स्टिअरिंग आरशात पुरं गोल झालं. मी तर नाचायचीच बाकी होते. मग १९६८ ची लावली. यशू वाकून आत बघायला लागली. म्हणाली, "आई, यात दोन स्टिअरिंग आहेत."

सगळे वाकले. दोन होती. आरसा आहे तो, जे देशील ते परत देईल. गाडीच्या दोन्ही बाजू सारख्या असतात हे मी गेलं वर्षभर घोकत होते, पण ते बाहेरून. आत एकच माणूस चालवतो. बाहेरची अंगं तपासताना आरसा लावला होता, तेव्हा आतली कामं झाली नव्हती.

त्यावर हेनी चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि हे जे खरं आहे, ते उजवीकडे का?"

कारण मी पिंपरीची आहे. ड्रायव्हरची बाजू करू म्हटलं की माझा हात आपोआप उजवीकडे जातो. चार अमेरिकन गाड्या, चारही उजवीकडून चालवायच्या. खरं स्टिअरिंग चुकीच्या बाजूला, आणि बरोबर बाजूला असलेलं फक्त आरशात. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. धम्मपाल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते.

मी म्हटलं, सगळं उपटते, एका आठवड्यात नवं करते. हेनी शांतपणे म्हणाल्या, "लात मार."

म्हणजे डचमध्ये 'असू दे, राहू दे'. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात आल्बर्ट हाइनच्या बाईने मला हेच म्हटलं होतं, सुट्टे नव्हते तेव्हा, आणि मी घरी येऊन धम्मपालला सांगितलं होतं की इथले लोक फार उद्धट आहेत. आज तो भिंतीपाशीच खाली बसला हसून हसून. हेनींना अर्थ सांगितल्यावर त्याही बसल्या.

शेवटी ठरलं असं: तीन गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म. खऱ्या स्टुडिओतही मातीच्या गाडीच्या काचा काळ्याच असतात, कुणाला काही वाटणार नाही. पण २०२० ची तशीच ठेवायची. कारण एवढ्या वर्षांतली ही पहिली कॉर्व्हेट, जी कारखान्यातूनच डाव्या आणि उजव्या, दोन्ही स्टिअरिंगच्या रूपात निघते. त्या एकाच गाडीत आरसा खोटं बोलत नाही. हेनींनी लगेच त्याची पाटी लिहायला घेतली.

२८ मे

पाच जूनपासून म्युझियमं उघडणार! पत्रकार परिषद संपायच्या आत हेनींचा मेसेज: 'शनिवार, ११ वाजता. नखं कापून ये.' मी लिंक्डइनवर टाकलं, आयुष्यात पहिल्यांदा. परवाच्या बुद्धपौर्णिमेची खीर उरली होती ती तिघांनी उभ्याउभ्या संपवली.

धम्मपालने आज तारीख विचारली नाही. नुसता माझ्याकडे बघत बसला.

२९ मे

संजीव सरांचा फोन. धम्मपालला नाही, मला. माझी पोस्ट पाहिली म्हणे.

"अभिनंदन मैत्री. अखेर झालं म्हणायचं तुमचं ओपनिंग. त्याच्यासाठीच तर दोनदा जॉइनिंग डेट पुढे ढकलली आम्ही."

मी म्हटलं, "कुणाची जॉइनिंग डेट?"

मग ते पायरी पायरीने मागे जायला लागले, आणि मी त्यांना जाऊ दिलं नाही. कळलं ते असं. इथलं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरमध्ये संपलं, वाढलं नाही. कंपनीने धम्मपालला पुण्यात मोठी जागा दिली होती, अख्खा विभाग. त्याने डिसेंबर मागितला, कारण नोव्हेंबरात ओपनिंग. मग फेब्रुवारी मागितला, कारण जानेवारीत ओपनिंग. तेही गेलं तेव्हा त्याने राजीनामा दिला आणि टिलबर्गच्या गोदामात नोकरी धरली, दोन पायऱ्या खालची. क्लायंट बदलला नव्हता. सगळंच बदललं होतं.

"जागा अजून भरलेली नाही," सर म्हणाले. "जूनअखेरपर्यंत मी थांबू शकतो. त्याला सांग. की नको सांगू? मला कळत नाही."

मलाही कळत नाही. वरची निळी खोली, स्विमिंग पूल, छत्री घेऊन फोन. सगळं माझ्यासमोर झालं आणि मी बंपर खरवडत होते.

३० मे

भांडलो. शेडमध्ये, यशू सायकल घेऊन मैत्रिणीकडे गेल्यावर.

तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू सामान बांधलं असतंस."

"हो, बांधलं असतं."

"म्हणूनच."

मला वाटलं होतं मी त्याच्या गळ्यात पडेन. त्याऐवजी मी संतापले. म्हटलं, "२०१४ मध्ये 'चल' म्हणालास, विचारलं नाहीस. आता 'राहू' ठरवलंस, तेही विचारलं नाहीस. तेव्हा तुझ्यासाठी, आता माझ्यासाठी, पण ठरवणारा तूच. मी कुठाय यात?"

त्याने टेबलावरची मातीची सालं गोळा करायला घेतली.

"आणि माती पिंपरीतही आहे, धम्मपाल. माझा स्टुडिओ तिथे आहे. पुण्याला गेलो असतो तर मला सोमवारी नोकरी मिळाली असती."

त्याने असं काही तोंड केलं की माझा राग तिथेच अर्धा झाला. म्हणाला, "हे मला सुचलंच नाही." एमटेक झालेला माणूस, पाच महिने पहाटे उठून पार्सलं मोजतोय, आणि हे त्याला सुचलंच नाही. मी हसायला लागले आणि हसता हसता रडले. मग त्याने आणखी एक सांगून टाकलं: फेब्रुवारीत आर्नहेमच्या एका विजेच्या कंपनीने त्याला दोनदा बोलावलं होतं, चांगलं काम, त्याच्या शिक्षणाचं. तो गेला नाही. आर्नहेम उलट्या दिशेला आहे. मंगळवारी मला कोण सोडणार?

मी म्हटलं, मला शनिवारपर्यंत वेळ दे. आता मी ठरवणार, आणि तुला विचारून.

५ जून

उघडलं.

एका वेळी तीस माणसं, सगळी मास्कमध्ये, जमिनीवर चिकटवलेल्या बाणांवरून. पहिला आत आला तो एक म्हातारा, वॉकर ढकलत. तो २०२० च्या गाडीपाशी थांबला, आत वाकून बघितलं, एक स्टिअरिंग, दुसरं स्टिअरिंग, पाटी वाचली, आणि मोठ्याने हसला. मास्कमधून हसणं ऐकू येतं हे मी विसरले होते. त्याने हेनींना विचारलं, कुणी केलं हे? हेनींनी माझ्याकडे बोट दाखवलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'मातीकाम: मैत्री ओव्हाळ'. पिंपरीत मी आठ वर्षांत सहा गाड्यांवर हात फिरवला. सगळ्या रस्त्यावर धावताहेत. एकीवरही माझं नाव नाही.

धम्मपाल यशूला घेऊन अकराच्या स्लॉटला आला आणि तीनपर्यंत गेलाच नाही. दारावरचा माणूस दोनदा घड्याळ दाखवून गेला.

बंद करताना हेनी म्हणाल्या, हिवाळ्यात १९५० च्या दशकातल्या प्रदर्शनी गाड्या करायच्यात. "येशील?" मी म्हटलं, आज संध्याकाळी सांगते, घरी विचारून. त्यांना वाटलं मला नवऱ्याची परवानगी लागते; चेहराच पडला. मी खुलासा केला नाही.

घरी येताना गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली आणि विचारलं. मला राहायचंय. पिंपरीत मला नोकरी मिळेल. इथे मला माझं काम मिळालंय. पण तुला गोदामात वाकायला लावून मी नाही राहणार. आर्नहेमला फोन कर. दोन वर्षांनी पुन्हा दोघांनी बसून ठरवू, आईंनाही विचारू. तुला काय वाटतं? ते सांग, आणि खरं सांग, मला बरं वाटेल ते नको.

त्याने इंजिन बंद केलं. म्हणाला, "पट्ट्यांचा मला वीट आलाय, मैत्री." मग म्हणाला, "आई रडेल." मग, "पण मंगळवारी तू जाणार कशी?"

"ते माझ्यावर सोड."

२४ जून

संजीव सरांना काल आम्ही दोघांनी मिळून फोन करून नाही म्हटलं. सासूबाई रडल्या, आणि मग म्हणाल्या की निळा रंग तसाही यशूच्या आत्याला आवडतो.

धम्मपाल आज आर्नहेमला गेला, ट्रेनने, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच वेळी माझी पहिली शिकवणी. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी दारात येऊन उभी राहिली, मी ऐटीत गेले, दार उघडलं, तर आत शिकवणारे गृहस्थ बसलेले. मास्कवरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने म्हणाले, "दुसऱ्या बाजूने, मेव्राऊ." म्हणजे बाईसाहेब. मी वळसा घालून डावीकडे बसले. गिअर टाकायला डावा हात गेला तो थेट दरवाज्यावर आपटला, बोटं झिणझिणली. गाडी तीनदा बंद पडली. मागे सायकलींची रांग, पण घंटा कुणी वाजवली नाही.

दुपारी आर्नहेमच्या स्टेशनवरून धम्मपालचा फोन आला. त्याचं बरं झालं असावं, आवाजावरून कळत होतं. पण त्याने आधी माझंच विचारलं. "कुठपर्यंत गेलीस?"

मी म्हटलं, "टिलबर्गच्या फाट्यापर्यंत. परतही आले."